मानसतज्ज्ञाची पहिली भेट आणि दोषाचा प्रश्न

मानसतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाणारा माणूस कोऱ्या मनाने जात नाही. त्याला काय झाले आहे, ते कशामुळे झाले आणि त्यात चूक कोणाची, याचा निवाडा घरात, भावकीत आणि बहुतेक वेळा एखाद्या देवस्थानी आधीच होऊन गेलेला असतो. पहिल्या भेटीच्या तयारीत नंबर लावणे, जुने कागद शोधणे, सोबत कोणी यायचे ते ठरवणे ही कामे येतातच. पण अवघड काम वेगळे आहे. झालेला निवाडा काही काळ बाजूला ठेवून, जे घडते आहे ते जसेच्या तसे सांगता येईल अशा स्थितीला यावे लागते. दुःखाला कारण असते, कारणाला कर्ता असतो आणि कर्त्याकडे दोष जातो, ही साखळी श्रद्धेच्या जगात फार घट्ट आहे. त्यामुळे ही तयारी जितकी वैद्यकीय, तितकीच धार्मिक आणि तात्त्विक ठरते.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न उघड्यावर दिसतो. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला येथे नारळांची मोठी होळी पेटते आणि त्यानंतर संदल निघतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि शेजारच्या राज्यांतून हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. त्यांतली अनेक कुटुंबे घरातल्या अशा माणसाला घेऊन आलेली असतात, ज्याला 'बाहेरचं' झाले आहे, हवा लागली आहे, कोणी करणी केली आहे असे सांगितले जाते. काही कुटुंबे दर्ग्याच्या परिसरात आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. घाटाखालच्या गावात एखाद्या मुलाची झोप उडाली, तो एकटाच बोलू लागला, कॉलेज सोडून बसला, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या आधी सैलानीची वाट धरली जाते. ही वाट पैसे नाहीत किंवा शिक्षण नाही एवढ्यामुळे धरलेली नसते. शिक्षक आणि नोकरदारही तिथे येतात.

बाधेच्या कल्पनेकडे निव्वळ अज्ञान म्हणून पाहणाऱ्याला तिचे बळ कळत नाही. मुलाने बापावर हात उगारला आणि घरच्यांनी म्हटले की हा बोलत नाही, याच्यात शिरलेले बोलते आहे, तर त्या एका वाक्याने मुलगा सुटतो. राग त्याच्यावर राहत नाही. नाते तुटत नाही आणि बरे झाल्यावर घरात परत येण्याचा रस्ता मोकळा राहतो. आजार आणि माणूस वेगळे करण्याचे हे काम आधुनिक मानसोपचाराला आजही सहज साधत नाही. बाधेची कल्पना ते कितीतरी पिढ्या करत आली आहे. मानसतज्ज्ञाकडे निघालेले कुटुंब ही सोय मागे ठेवून निघत असते, आणि त्याची धास्ती बरीचशी तिथूनच येते.

अर्थात दोष खरोखर नाहीसा होतो का, हे तपासले पाहिजे. मानवशास्त्रज्ञ व्हिएदा स्कल्टन्स यांनी फलटणच्या महानुभाव मंदिरात केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाच्या आजारासाठी लोक या मंदिरात मुक्कामाला येत. तिथे स्कल्टन्स यांना असे आढळले की आजारी घरातला कोणीही असला तरी अंगात येते ते बहुतेक करून सोबत आलेल्या बाईच्या, म्हणजे आईच्या किंवा पत्नीच्या. घरावरचे दुखणे तिने आपल्यावर ओढून घ्यायचे, अशी त्यामागची धारणा होती. रुग्ण सुटतो तो असा: दोषाचा भार घरातली बाई उचलते. सैलानीच्या वाटेवरही मुलाच्या आजाराला सुनेचा पायगुण जबाबदार धरणारी घरे भेटतात. बाधेने एकाला निर्दोष ठरवताना दुसऱ्याकडे बोट गेलेले असते, आणि ज्याच्याकडे गेले त्याला उतारा मिळत नाही.

देवस्थानी राहून बरे वाटते का, याचेही उत्तर सरळ 'नाही' असे देता येत नाही. तमिळनाडूतील एका मंदिरात मुक्कामाला आलेल्या, गंभीर मानसिक आजाराच्या ३१ जणांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्या मंदिरात आजार उतरवण्याचा खास विधी नव्हता. लोक राहत, मंदिराची साधी कामे करत, पूजेला बसत. त्यांच्या लक्षणांची तीव्रता सरासरी जवळजवळ २० टक्क्यांनी उतरलेली आढळली. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तरीही कोणी हिणवत नाही, घालवून देत नाही, नेमून दिलेले काम आहे आणि घरचे माणूस शेजारी आहे, अशा वातावरणाला स्वतःचा गुण असतो, एवढे त्यातून दिसते.

याच श्रद्धेची दुसरी बाजू एरवाडीला जगासमोर आली. तमिळनाडूतल्या या गावी दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खाजगी निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे मेली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ ने मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा ठरवला. या कायद्यांनी दर्ग्यावर जाण्याला बंदी केलेली नाही. गुजरातमधल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' या नावाने दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसू लागले. मुजावर दुआ करतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. निवडीची सक्ती काढून घेतली की माणसे दोन्हीकडे जातात, हा तिथला धडा सैलानीलाही लागू पडावा असा आहे.

घर दवाखान्याकडे वळते तेव्हा दोष पुन्हा हजर होतो. बाहेरचे नाही, तर मग आतलेच. मन कमकुवत आहे, लाड फार झाले, संस्कार कमी पडले, किंवा मागल्या जन्मीचे काही भोवते आहे, अशी बोलणी सुरू होतात. चरकसंहितेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. उन्मादाविषयी बोलताना निदानस्थानाच्या सातव्या अध्यायात चरक सांगतो की देव, गंधर्व, पिशाच्च किंवा राक्षस माणसाला आपणहून पीडा देत नाहीत. मूळ माणसाच्या प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीच्या चुकीत आहे. त्या काळी असे म्हणणे धाडसाचे होते. पण त्याची किंमत अशी की पिशाच्च मोकळे झाले आणि सगळा भार आजारी माणसावर आला. त्याच चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चिकित्सेचे तीन प्रकार मानले आहेत: मंत्र, बळी, व्रत यांची दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधाची युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणारी सत्त्वावजय. तिन्ही एकाच ग्रंथात, एकाच वैद्याच्या हाती दिल्या आहेत. देवाकडे जावे की वैद्याकडे, असा पेच त्या ग्रंथाला पडलेला नाही.

कर्मसिद्धान्ताचा आधार घेऊन रुग्णाला दोष देणारे त्या सिद्धान्ताच्याच बाहेर जातात. कर्माचे फळ मिळते असे तो सांगतो. पण समोरच्या माणसाचे हे विशिष्ट दुखणे त्याच्या कोणत्या कर्माचे फळ, हे वाचण्याची विद्या तो शेजाऱ्याला किंवा सासूला देत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्माची गती गहन म्हटली आहे. जे गहन आहे त्याचा हिशेब ओट्यावर बसून मांडता येत नाही. शिवाय संचित आणि प्रारब्धाबरोबर क्रियमाणही आहे: आज केलेले कर्म. उपचार घेणे हे क्रियमाण आहे. प्रारब्ध भोगूनच संपवायचे म्हणून औषध नको, असे म्हणणारे घर तुटलेला हात मात्र प्लास्टरमध्ये घालते, आणि त्यात त्याला धर्माविरुद्ध काही वाटत नाही.

इस्लामी परंपरेतही हा विचार जुना आहे. प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही उतरवला गेला आहे, या अर्थाचे प्रेषितांचे वचन हदीसमध्ये सांगितले जाते. नवव्या-दहाव्या शतकातील अबू झैद अल-बल्खी याने शरीर आणि मन या दोन्हींच्या पोषणावर एकच ग्रंथ लिहिला आणि कारण सांगता येणारे दुःख व कारण सापडत नाही असे दुःख यांत फरक केला. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला कारण विचारत बसून उपयोग नाही, हे त्याला उमगले होते. बुद्धांनी मालुंक्यपुत्ताला दिलेला दृष्टान्त याच मुद्द्याचा आहे: विषारी बाण लागलेला माणूस आधी मारणाऱ्याची जात, गाव आणि धनुष्याचे लाकूड विचारत बसला, तर बाण काढण्याआधीच तो मरेल. जिल्ह्यात वारकरी, सूफी आणि बौद्ध घरे शेजारी-शेजारी नांदतात, आणि तिन्ही परंपरांत कारणाच्या शोधाआधी दुःखाकडे पाहा असे सांगणारा आवाज आहे. निवाडा करणारा आवाजही तिन्हींत आहे. पहिल्या भेटीआधी कोणता ऐकायचा, एवढेच ठरवायचे असते.

दुःखाकडे पाहायचे म्हणजे काय करायचे, याचा नमुना दासबोधाच्या तिसऱ्या दशकात सापडतो. तिथे समर्थांनी त्रिविध ताप सांगितले आहेत. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगाने होणाऱ्या आध्यात्मिक तापाच्या समासात कातडीच्या रोगांपासून पोटाच्या व्याधींपर्यंत दुखण्यांची लांबच लांब यादी येते. या सगळ्याचे कारण म्हणून पूर्वपापाकडे निर्देश होतो, पण तो थोडक्यात. समासाचा विस्तार नोंदीला दिलेला आहे. कुठे दुखते, कसे दुखते, कोणत्या अवयवाला काय होते, हे समर्थ एकामागून एक सांगत जातात. ज्याला कारणाबद्दल शंका नव्हती, त्यानेही दुःखाच्या वर्णनात कसर ठेवली नाही. मानसतज्ज्ञाला पहिल्या भेटीत नेमके हेच हवे असते.

मनाच्या बाबतीत ही नोंद कशी करायची, तेही याच परंपरेत शिकायला मिळते. मनाच्या श्लोकांत मनाला समोर बसवून त्याच्याशी बोललेले आहे. बोलणारा आणि मन असे दोघे वेगळे असल्याशिवाय हे शक्य नाही. वेदान्ताने त्याला साक्षी म्हटले: मनात येते-जाते ते पाहिले जाते, म्हणून पाहणारा त्याहून वेगळा. या भूमिकेचा मोक्षाशी जो संबंध आहे तो आहेच. पण तिचा एक साधा उपयोगही आहे. 'मी वाईट आहे' याऐवजी 'मी वाईट आहे असा विचार पहाटे उठल्यापासून येत राहतो' असे म्हणता येते. 'टेन्शन आहे' याऐवजी 'रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. सोयाबीन काढणीला आले तरी शेताकडे पाय वळत नाही. पोरांच्या आवाजाने डोके उठते' असे सांगता येते. पहिल्या भेटीआधीचे आठ-पंधरा दिवस अशा ओळी वहीत लिहून ठेवणे ही उत्तम तयारी होय. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या सांगण्यावरून घरच्याने लिहावे, मात्र शब्द त्याचेच ठेवावेत.

साक्षीभावाला एक मर्यादा आहे, आणि ती प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. पाहणारे मनच आजारी पडते तेव्हा ते काय पाहणार? नैराश्यात माणूस स्वतःला नको इतका अपराधी मानतो. हा अवाजवी अपराधभाव जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात नैराश्याचे एक लक्षण म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे 'माझ्या पापाचे फळ आहे' असे रुग्ण खालमानेने म्हणतो, तेव्हा तो आजाराचे कारण सांगत असेल असे नाही. ताप आलेल्याचे अंग तापते, तसे ते आजाराचेच एक रूप असू शकते. घरच्यांनी आधीच दिलेला निवाडा आणि आजाराने आतून दिलेला निवाडा एकमेकांना जुळतात, आणि रुग्णाला तो अंतिम सत्य वाटू लागतो. नैराश्यातल्या माणसाला श्रद्धेचा उपदेश करणाऱ्यांनी हे कळून घेणे फार गरजेचे आहे. नामस्मरण वाढव, भाव कमी पडतो आहे, असे सांगितल्याने त्याच्या अपराधांच्या यादीत आणखी एकाची भर पडते. वास्तवाची जाण सुटलेल्या आजारात तर रुग्णाला आपण आजारी आहोत हेच पटत नाही. तिथे साक्षीचे काम सोबतच्या माणसाने करायचे असते. ज्याने रात्री जागून काढल्या आहेत तोच सोबत जावा. घरात ज्याचे वजन जास्त तो नव्हे.

काही गोष्टी श्रद्धाळू माणूस पहिल्या भेटीत बोलतच नाही. त्यांतली सर्वांत छळणारी म्हणजे देवाविषयी मनात येणारे अभद्र विचार. शेगावला रांगेत उभे असताना, नमाज पढताना किंवा वंदना म्हणताना घाणेरडी शिवी, ओंगळ चित्र मनात येते आणि माणूस हादरतो. तो पुन्हा पुन्हा माफी मागतो, जप पहिल्यापासून मोजतो, वुझू पुन्हा करतो, अंघोळ पुन्हा करतो. शेवटी देवळात जाणेच सोडतो. घरच्यांना वाटते की त्याचा देवावरचा विश्वास उडाला. प्रत्यक्षात हे विचार बहुधा ज्याला देव सर्वांत प्रिय त्यालाच छळतात, कारण असा विचार माणसाच्या सर्वांत जपलेल्या जागी बोचतो. ब्रिटनमधील रॅचमन आणि डि सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवले की नको ते, किळसवाणे विचार निरोगी माणसांच्या मनातही सर्रास येतात. फरक एवढाच की निरोगी माणूस ते सोडून देतो, आणि मंत्रचळाचा, म्हणजे अशा विचारांत अडकवणाऱ्या आजाराचा, रुग्ण त्यांत आपले चारित्र्य वाचतो. धर्मशास्त्रानेही मनात विचार येणे आणि संकल्प करणे यांत भेद केला आहे; दोष संकल्पाला लागतो. हा भेद रुग्णाला कोणीतरी आधी सांगितला, तर पहिल्या भेटीत त्याचे तोंड उघडते. मानसतज्ज्ञाने असे विचार शेकडो वेळा ऐकलेले असतात, आणि या आजारावर चांगले उपचार उपलब्ध आहेत.

दुसरी न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे मरणाचा विचार. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे खास पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. आत्महत्या हे महापाप, ही शिकवण अनेकांना त्या टोकापासून मागे खेचते, आणि तिचे हे मोल कमी लेखू नये. पण त्याच शिकवणीमुळे विचार मनात आल्याचे सांगणेही पाप वाटू लागते. पोलीस केस होईल ही भीती त्यात भर घालते. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा न करता उपचार आणि पुनर्वसन मिळणे हे सरकारचे कर्तव्य मानले आहे. मरणाचा विचार येतो का, हे पहिल्या भेटीत मानसतज्ज्ञ बहुधा स्वतःच विचारतो. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. असलाच तर तो आधीपासून तिथे असतो आणि विचारल्याने त्याला बाहेर यायला वाट मिळते. कीटकनाशकाचा डबा घरात आहे का, हा प्रश्नही त्याच चौकशीचा भाग असतो. त्याचा राग मानू नये. विचार तीव्र असेल तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नये. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते, आणि रात्रीही कोणीतरी उचलते.

आणखी एक भीती उलट बाजूची असते: ध्यानात लागलेली समाधी किंवा झालेला दृष्टान्त सांगितला तर मानसतज्ज्ञ तो वेडात जमा करील. शेगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे ही भीती सहज समजण्यासारखी आहे. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रथम दिसले ते टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, असे दासगणूंच्या पोथीत वर्णन आहे. वागणे लौकिकाला सोडून होते, आणि आज त्यांच्या समाधीपुढे लाखो लोक वाकतात. सूफी परंपरेत अशा ईश्वरात हरवलेल्यांना मजजूब म्हणून मान आहे. मग वेड आणि संतत्व यांत फरक कशाने करायचा? विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने धार्मिक अनुभवांवरची एडिनबर्ग येथील व्याख्याने १९०२ मध्ये ग्रंथरूपाने दिली. त्यात त्याने अनुभव मेंदूत कसा उपजला यावरून त्याची किंमत ठरवण्याला विरोध केला आणि फळे पाहायला सांगितली. अनुभवानंतर माणूस अधिक मोकळा, अधिक मायाळू झाला, की भ्यालेला, तुटलेला, स्वतःला जपू न शकणारा झाला? आपला कायदाही या बाजूने उभा आहे. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ३ नुसार, समाजात रूढ असलेल्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी न जुळणे एवढ्यावरून कोणालाही मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. तेव्हा दृष्टान्त झाला असेल तर तो जसा झाला तसा सांगावा, आणि त्यानंतर झोप, जेवण, काम आणि माणसांशी वागणे कसे आहे तेही सांगावे. उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या भागात असते.

देवस्थानी केलेले उपायही लपवू नयेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये डीएसएम या आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीसोबत सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिले. तुम्ही या त्रासाला काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, घरचे काय म्हणतात, आधी कोणाकोणाकडे गेलात, अशा धर्तीची ही चौकशी आहे. म्हणजे सैलानीला घातलेली खेप, घेतलेला ताईत, भगताचा उतारा, धरलेले उपवास हा सगळा मजकूर त्या खोलीत कामाचा आहे. उपवास किती कडक, एखादे चूर्ण किंवा काढा चालू आहे का, याचा औषधांशी थेट संबंध येतो. ताईत काढून ठेवून जाण्याचे कारण नाही. मानसतज्ज्ञाने श्रद्धेची टिंगल केलीच, तर दुसरा मानसतज्ज्ञ शोधण्याचा हक्क रुग्णाला आहे.

बाकीची तयारी थोडी आणि साधी आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देतो. मानसतज्ज्ञ बोलण्यातून, चाचण्यांतून आणि सरावातून उपचार करतो. उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, आणि ती विचारायला संकोच करू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातही दाखवता येते. जुने केस पेपर, चालू गोळ्यांची पाकिटे, थायरॉइड किंवा साखरेच्या तपासण्या सोबत न्याव्यात, कारण मनाची अनेक लक्षणे शरीरातून निघालेली असतात. दारू किंवा गांजा असेल तर तोही सांगावा. पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. तीत प्रश्न जास्त आणि सल्ला कमी मिळतो, याने निराश होऊ नये. शुद्ध मराठीत बोलण्याची धडपडही नको. वऱ्हाडीत सांगितलेले दुःख नेमके असते. जे सांगितले जाईल ते गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २३ ने घातले आहे. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद होतो, आणि हा अपवाद मानसतज्ज्ञाने सुरुवातीलाच सांगायला हवा. काही वेळ रुग्णाशी एकट्याने बोलू द्यावे. सुनेला सासूसमोर, मुलाला बापासमोर खरे बोलता येत नाही, आणि दोषाचा भार कोणावर टाकला गेला आहे ते बहुधा अशाच एकांतात कळते.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला 'विश्राम' प्रकल्प दाखवतो की लोकांना मदत नको असते असे नाही. तिथल्या ३० गावांत गावातलीच प्रशिक्षित माणसे घरोघर जाऊन मनाच्या त्रासाविषयी बोलू लागली. नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. या कामात कोणाला देव सोडायला सांगावे लागले नाही. ओळखीच्या माणसाने दोष न देता विचारले, तेव्हा लोक बोलले.

राहतो तो नवसाचा प्रश्न. उपचार चालू असताना रुग्ण सुधारला की कुटुंब नवस फेडायला सैलानीला किंवा शेगावला जाते आणि गुण बाबांचा म्हणते. यावर वाद घालणे मानसतज्ज्ञाचे काम नाही. कृतज्ञता कोणाकडे वळावी हे कुटुंबाने ठरवायचे, आणि आजारपणात तुटलेली माणसे पुन्हा एकत्र पंगतीला बसतात तो नवस घराला लाभदायकच असतो. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते: नवस फिटला म्हणजे आजार संपला असे समजून गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या जातात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्रास उलटतो. मग बाबा कोपले, कोणीतरी पुन्हा केले, अशा शब्दांत दोषाचा शोध नव्याने सुरू होतो. म्हणून औषध देणाऱ्या डॉक्टरच्या पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारून केस पेपरवर लिहून घ्याव्यात: बरे वाटू लागल्यावर औषध किती महिने चालू ठेवायचे, आणि ते कमी करण्याआधी कोणाला भेटायचे. यात्रेला निघताना तो कागद आणि तेवढ्या दिवसांच्या गोळ्या सोबत ठेवता येतात.